चिंचेची जागा

झाडांनाही सभेत बोलू देत, त्या काळची गोष्ट. एका खेड्यातल्या चर्चच्या आवारात चिंच होती. दूरच्या वस्तीवरून चालत आलेली माणसं उपासनेआधी तिच्या सावलीत दम खात.

एका नाताळाला शहरातून नऊ मोटारी आल्या आणि त्यांना जागा पुरली नाही. लगेच पंचांची सभा भरली.

"चिंचबाई, तुम्ही आडव्या येता," पांढरी मोटार म्हणाली.

"तुम्ही वर्षातून दोनदा येता. ऊन रोज येतं," चिंच म्हणाली.

पंचांनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकलं, इतिवृत्तात लिहिलं आणि तिला तोडलं. तिथं डांबर घालून पट्टे आखले.

ईस्टरला मोटारी आल्या. तापलेलं डांबर पाहून त्या सरळ गिरणीजवळच्या कडुनिंबाखाली दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. आवारात आली ती फक्त वस्तीवरची म्हातारी सगुणाबाई. टेकायला सावली दिसेना, तेव्हा ती दारातूनच परत फिरली.

"पार्किंग कसं झालंय?" घंटेनं वरून विचारलं.

"उत्तम. एकही गाडी नाही," डांबर म्हणालं.

पुढच्या सभेत कडुनिंबाखालच्या दाटीची गंभीर चर्चा झाली. जागा वाढवण्यासाठी तो तोडायचं एकमतानं ठरलं. त्याचं म्हणणंही इतिवृत्तात लिहिलेलं आहे.