हौसाक्काचा राग

फार फार वर्षं झाली. आंबेघोळ गावात तेव्हा धान्य जमिनीखालच्या पेवात ठेवत आणि उंदरांपासून ते राखायला घरोघरी मांजरं असत. त्या गावात हौसाक्का नावाची म्हातारी शिंगाच्या फण्या घडवून पोट भरायची. तिच्या फणीचे दात इतके बारीक, की वारासुद्धा त्यातून गाळून निघायचा, असं म्हणतात. हात हळुवार, पण जीभ मिरचीची.

एका उन्हाळ्यात गावात पिसवा माजल्या. मानाजी पाटलाच्या मांजरीला चार पिल्लं होती, जेमतेम तीन आठवड्यांची. पिसवांनी त्यांचं रक्त शोषून हिरड्या पांढऱ्या पाडल्या. पाटलाकडे बैलांच्या गोचिडांसाठी तंबाखूचा जालीम काढा होता. बैलाला चालतो तर पिल्लांना का नाही, असं म्हणून त्याने चौघांनाही त्यात बुचकळलं. दुपारपर्यंत तीन पिल्लं तडफडून मेली.

हौसाक्काला हे कळलं, तशी ती हातातली कानस टाकून उठली. ती गेली त्या वाटेवरचं गवत दोन्ही बाजूंनी करपलं, असं म्हणतात. अंगणातली तीन इवली कलेवरं बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ते आटूनच गेलं असावं.

"मानाजी," ती म्हणाली. पाटलाला नुसत्या नावाने कोणी हाक मारत नसे. बायकांनी पदर तोंडाला लावले. "तुझ्या तान्ह्या नातवाला बैलाचं औषध पाजशील?"

आपण भल्यासाठीच केलं, असं पाटील पुटपुटला.

"भलं करायचं तर आधी विचारायचं. विचारायला तुझी पाटीलकी आड आली."

मग ती तिथेच बसली. उरलेल्या पिल्लाच्या अंगावरचा काढा तिने कोमट पाण्याने धुतला, डोकं पाण्याबाहेर धरून. लगेच मऊ फडक्याने कोरडं करून पदरात ऊब दिली. अंग गरम झाल्यावर मानेपासून शेपटीपर्यंत फणी फिरवली. फणीत आलेली एकेक पिसू साबणाच्या पाण्यात बुडवली. पिल्लाच्या आईलाही तसंच विंचरलं. पिल्लांचं अंथरूण पाटलाने स्वतः उकळावं, उन्हात टाकावं, घराचे कोनेकोपरे रोज झाडावेत, असं तिने फर्मावलं. पाटलाने झाडू उचलला.

पिल्लू जगलं. आक्काचा राग मात्र शमला नाही. एकवीस दिवस ती दारोदार फिरली, घराघरातला तंबाखूचा काढा शेणखतात ओतायला लावला, मांजरं विंचरली. शेवटी शेवटी तर तिची पावलं ऐकूनच पिसवा आपणहून साबणाच्या पाण्याच्या परातीत उड्या टाकायच्या, असं म्हणतात.

आक्का गेली त्याला कित्येक पिढ्या लोटल्या. आजही आंबेघोळात मांजर व्याली की दाराला शिंगाची फणी टांगतात. जनावरांच्या डॉक्टरला वय आणि वजन सांगितल्याशिवाय पिल्लाच्या अंगाला कोणी औषध लावत नाही. तिच्या नावाची पूजा नाही, नैवेद्य नाही. चैत्रात एके दिवशी सगळं गाव पारावर जमतं आणि गावातली सर्वांत थोरली बाई आक्काच्या वतीने सगळ्यांना घटकाभर शिव्या घालते. पाटलाच्या घरचे पहिल्या रांगेत, पागोटं काढून उभे असतात.