पुराचा दुसरा साक्षीदार

मुलांनो, ही गोष्ट घाण पाण्याची आहे. नाक मुरडू नका. जिथे खाणारी तोंडे आहेत तिथे घाण होणारच, आणि ती नदीत जाऊ न देण्याचे काम कुणाला तरी करावेच लागते. गोष्ट आनंदाची नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

एका जंगलात नदीच्या डोहाकाठी एक पाणमांजरी आपल्या तीन पिल्लांसह राहत असे. डोह खोल होता, पाणी निवळशंख होते आणि मासे भरपूर होते. थोरली दोन पिल्ले दिवसभर पाण्यात दंगा करीत. धाकटे मात्र पाण्याला भारी भीत असे. आईने मानगूट धरून डोहात सोडल्याशिवाय ते पोहायला उतरत नसे. ती तीन पिल्ले आणि तो डोह, एवढेच पाणमांजरीचे जग होते आणि तिला ते पुरत होते.

डोहाच्या वरच्या अंगाला जंगलाचे मळके पाणी गाळायचे दोन खड्डे होते. ही त्या जंगलाची जुनी आणि चांगली रीत. गव्यांच्या लोळणीतले, हरणांच्या कळपांच्या बसण्याच्या जागेवरचे, सगळे घाण पाणी एका चरातून वाहत येऊन पहिल्या खड्ड्यात पडे. तिथे गाळ खाली बसे. दुसऱ्या खड्ड्यात लव्हाळे माजलेले होते. त्यांच्या मुळांशी राहणारे किडे उरलेली घाण खाऊन टाकीत आणि मग स्वच्छ पाणी नदीला मिळे. हे खड्डे एक रानडुक्कर सांभाळत असे. दर चैत्रात ते सुळ्यांनी गाळ उपसून खड्डे मोकळे करी. त्याच्या अंगाला वास येतो म्हणून सारे त्याच्यापासून चार पावले दूर बसत, आणि नदीचे पाणी पिताना मात्र त्याची आठवण कुणालाच होत नसे.

एका उन्हाळ्यात डोंगरापलीकडची कुरणे करपली आणि सांबरे, चितळ, नीलगाई असे कळपच्या कळप या जंगलात आले. त्यांना कुणी नाही म्हटले नाही. पण घाण दुप्पट झाली आणि दोन खड्डे पुरेनात. सभा भरली. एक धिप्पाड गवा त्या जंगलाचा सरपंच होता. तो म्हणाला, "पावसाळ्याआधी आणखी तीन खड्डे झाले पाहिजेत. कुठे खणायचे तेवढं ठरवा."

"नदीलगतच्या सपाटीवर खणू," रानडुक्कर म्हणाले. "माती मऊ आहे, पंधरा दिवसांत काम उरकेल. वरच्या माळावर नुसता मुरूम आहे. तिथे माझे सुळे झिजतील आणि पावसाळा येऊन ठेपेल."

पाणमांजरी पुढे आली. "सपाटीच्या खालीच आमचा डोह आहे," ती म्हणाली. "पुराचं पाणी खड्ड्यांत शिरलं तर सगळी घाण डोहात येईल. माझी पिल्लं तेच पाणी पितात. आधी पूर कुठवर चढतो ते तर बघा."

बोलणे रास्त होते. पुराची उंची ठरवायचे काम सरपंचाने बगळ्याकडे सोपवले. बगळा मोठा काटेकोर. अंगावर शिंतोडा उडू द्यायचा नाही आणि कामात खोट राहू द्यायची नाही, असा त्याचा खाक्या होता. त्याने सपाटीवर एक उंच बांबू रोवला आणि जंगलभर निरोप धाडला : ज्यांनी ज्यांनी पूर पाहिला असेल त्यांनी यावे आणि पाणी कुठवर आले होते ते दाखवावे. जी उंची ठरेल तिथे बगळा चोचीने बांबूवर खाच पाडणार होता.

आता त्या जंगलाचा एक कायदा होता. एकट्याची साक्ष धरायची नाही, दोघांची हवी. फार पूर्वी एका कोल्ह्याच्या एकट्याच्या शब्दावरून एका निरपराध सशाला रानाबाहेर काढले होते, तेव्हापासून हा कायदा आला. भांडणतंट्यात तो चांगलाच होता. कितीतरी गरीब जीव त्यामुळे वाचले होते. बगळ्याने तोच कायदा पुरालाही लावला, आणि त्यात काही चुकते आहे असे कुणाच्या मनातही आले नाही.

घोरपड आणि मुंगूस आले. त्यांनी गेल्या वर्षीचा पूर दाखवला. खाच हरणाच्या खुरापाशी पडली. मग दोन म्हाताऱ्या भेकरी आल्या. त्यांनी दहा वर्षांपूर्वीचा पूर दाखवला. ती खाच हरणाच्या गुडघ्यापाशी पडली. याहून मोठा पूर कुणाला आठवेना. बगळा बांबूकडे समाधानाने पाहत होता, तेवढ्यात एक म्हातारे कासव रखडत रखडत आले. त्याने बांबूकडे पाहिलेच नाही. काठावरच्या अर्जुनाच्या झाडाकडे त्याने मान उंचावली.

"त्या बेचक्यापर्यंत," कासव म्हणाले.

बेचके सरपंचाच्या शिंगांपेक्षाही उंच होते. सभेत हशा पिकला.

"आजोबा, तुम्हाला कसं ठाऊक?" रानडुकराने विचारले.

"मी तिथे अडकलो होतो. तीन दिवस."

"कासव झाडावर चढतं होय कधी?"

"चढलो नाही. पाण्यानं नेऊन ठेवलं. पाणी ओसरलं आणि मी वरच राहिलो. मग एका हत्तिणीनं सोंडेनं खाली उतरवलं."

"ती हत्तीण कुठे आहे?" बगळ्याने विचारले.

"ती जाऊन माझं निम्मं आयुष्य झालं."

"आणखी कुणी तो पूर पाहिला होता?"

कासवाने नदीकडे मान वळवली. "पुष्कळांनी पाहिला होता," ते म्हणाले. "पण ते त्या पाण्यातच गेले."

हसणे थांबले, पण कायदा तो कायदा. बगळा नम्रपणे म्हणाला, "आजोबा, तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही. दुसरा साक्षीदार आणा, आत्ता खाच पाडतो."

दुसरा साक्षीदार आणायचा कुठून? पाणमांजरी कळवळून म्हणाली, "बगळेदादा, माझा आजोबांवर विश्वास आहे. माझी साक्ष धरा."

"विश्वास म्हणजे साक्ष नव्हे, ताई," बगळा म्हणाला. मग त्यालाच तिची कीव आली असावी. त्याने विचारले, "तुझ्या आजीनं, पणजीनं या पुराबद्दल कधी काही सांगितलं होतं का? वाडवडिलांकडून ऐकलेलंही चालतं. नीट आठवून सांग."

पाणमांजरीला आठवून सांगण्यासारखे काही नव्हते. तिची आजी ती डोळे उघडण्याआधीच गेली होती. तिने एकदा पिल्लांकडे पाहिले. नुसते 'हो' म्हटले असते तर कुणी शहानिशा केली नसती, बांबूवर वरची खाच पडली असती आणि खड्डे माळावर गेले असते. पण तिला खोटे बोलायची सवय नव्हती. "नाही," ती म्हणाली.

मुलांनो, नेहमी खरे बोलावे असे मी तुम्हाला सांगत आलो आहे आणि आजही तेच सांगेन. पण तिचे ते 'नाही' मी आजवर विसरू शकलेलो नाही.

खड्डे सपाटीवरच झाले. बगळा वाईट नव्हता. हरणाच्या गुडघ्याच्या खाचेपेक्षाही त्याने खड्ड्यांभोवतीचे बांध थोडे उंच करवून घेतले. रानडुकराने मन लावून काम केले, लव्हाळे लावले, चर फिरवून आणला. आषाढ आला. नदी भरली, पण पाणी बांधाला शिवलेसुद्धा नाही. जाता-येता जनावरे कासवाला चिडवू लागली, "काय आजोबा, यंदा झाडावर कधी चढणार?" कासव आपल्या वाटेने पुढे सरकत असे. पाणमांजरीलाही वाटू लागले, की आपण उगाच धास्तावलो होतो. धाकटे पिल्लू एव्हाना आपणहून पाण्यात उतरू लागले होते.

मग मघा नक्षत्र निघाले. पाऊस लागला तो आठ दिवस खळला नाही. नवव्या दिवशी सकाळी नदी बांधाला लागली. सारी जनावरे डोंगर ओलांडून पळाली. बगळा दूरच्या तळ्याकडे उडून गेला. रानडुक्कर तेवढे मागे राहिले आणि नाकाडाने बांधावर माती लोटत राहिले. पाणी छातीशी आले तेव्हा तेही हरले आणि पोहत डोंगराकडे निघाले.

पाणमांजरीला पिल्लांना घेऊन एवढ्या लांब जाणे जमण्यासारखे नव्हते. तिने एकेकाला तोंडात धरून डोहावरच्या कड्याच्या कपारीत नेले. समोरच अर्जुनाचे झाड होते. दुपारी बांध दिसेनासे झाले. तीन नव्या खड्ड्यांतली आणि दोन जुन्या खड्ड्यांतली घाण, सगळा साठलेला गाळ, मुळांसकट उपटलेले लव्हाळे, सारे तिच्या डोळ्यांदेखत डोहात शिरले. पाणी मात्र चढतच होते. तिसऱ्या प्रहरी ते अर्जुनाच्या बेचक्याला लागले आणि मग थांबले.

तीन दिवसांनी पूर ओसरला. डोह काळा पडला होता आणि मासे पोट वर करून तरंगत होते. पिल्ले तीन दिवसांची उपाशी होती. आई मागे ओढेपर्यंत थोरली दोन पाण्यात उतरलीसुद्धा, पोटभर प्यालीसुद्धा. धाकट्याला तिने कपारीतच दडवले. पण भुकेने ते केविलवाणे ओरडू लागले, तेव्हा काठावर सापडलेला एक मासा तिने पुन्हापुन्हा धुतला आणि त्याला भरवला. धुवायलाही पाणी तेच होते.

आठवड्याच्या आत तिन्ही पिल्ले गेली. जंगलात आणखीही पुष्कळ आजारी पडले, हरणांची दोन पाडसे दगावली, पण मोठी जनावरे वरच्या झऱ्यांवर गेली आणि हळूहळू सावरली. पाणमांजरी डोहाकाठी तशीच बसून राहिली. तिच्याजवळ जायला कुणाला तोंड नव्हते.

आश्विनात पुन्हा सभा भरली. खड्डे तर हवेच होते. त्यांच्यावाचून घाण थेट नदीत जात होती. कुणी म्हणाले, "सपाटीवरच गाळ उपसून पुन्हा खणू. इतका मोठा पूर काय रोज येतो?" कुणी म्हणाले, "इतका म्हणजे किती? कुणी मोजलाय?" बगळ्याचा बांबू पुराने उपटून नेला होता आणि झाडांच्या खोडांवरचा गाळ पुढच्या सरींनी धुऊन निघाला होता. बगळा स्वतः खाली मान घालून उभा होता. त्याच्या पंखांवर चिखल वाळला होता आणि त्याने तो काढला नव्हता.

सरपंचाने विचारले, "पाणी कुठवर चढलं ते कुणी डोळ्यांनी पाहिलं?"

सारे एकमेकांकडे पाहू लागले. त्या वेळी सारे डोंगराआड होते. मग मागच्या बाजूने पाणमांजरी पुढे आली. सगळ्यांनी तिला वाट करून दिली.

"अर्जुनाच्या बेचक्यापर्यंत," ती म्हणाली. "मी समोरच्या कपारीत होते."

बगळ्याने अर्जुनाच्या झाडाकडे पाहिले. मग हळूच म्हणाला, "आजोबांची साक्ष आणि ही. दोन झाल्या."

यावर कुणी चर्चा केली नाही. रानडुक्कर उठले, माळावर गेले आणि मुरूम उकरू लागले. त्याचे सुळे दगडावर घासल्याचा आवाज सभेपर्यंत येत होता. सरपंच त्या आवाजाकडे कान देऊन उभा होता. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, त्यातलीच ही गत होती, आणि ते त्याला पुरते कळत होते.

कासव सरपटत पाणमांजरीजवळ आले. "पोरी," ते म्हणाले, "माझ्या बाजूनं कुणीतरी बोलावं म्हणून मी जन्मभर वाट पाहिली. पण अशी साक्ष नको होती गं मला."

पाणमांजरीने त्याच्याकडे पाहिले. "त्या दिवशी मी 'हो' म्हणायला हवं होतं का, आजोबा?"

"नाही," कासव म्हणाले. "त्यांनी माझं एकट्याचं ऐकायला हवं होतं."

पाणमांजरीने मान हलवली. मग ती नदीच्या काठाकाठाने वरच्या अंगाला चालू लागली. जंगलाच्या हद्दीपर्यंत ती कुठे थांबली नाही आणि तिला थांब म्हणायचा धीरही कुणाला झाला नाही.

तात्पर्य : मोठ्या संकटाचे साक्षीदार थोडेच उरतात. जिथे दुसऱ्यांचे पिण्याचे पाणी पणाला लागले आहे तिथे एकट्या म्हाताऱ्याचा शब्दही मानावा. दुसऱ्या साक्षीदारासाठी अडून बसणे म्हणजे दुसऱ्या पुराची वाट पाहणे.