सुतारीण आणि विद्वानांची जत्रा

फार जुनी गोष्ट आहे. एका नदीकाठी, उंच दरडीवर एक गाव होतं. पाणी खाली, घरं वर. घागरी वाहता वाहता बायकांचा दिवस सरायचा.

त्या गावात एक सुतारीण राहत होती. एकदा तिची सासू दरडीवरून घसरली आणि तिचा पाय मोडला. तेव्हा सुतारणीने ठरवलं, पाणी वर चढवणारं चाक करायचंच. पण शिकवणार कोण?

राजधानीत विद्वानांची जत्रा महिनाभर चाले. शंभर मांडव, शंभर वक्ते. ज्याला जे ठाऊक, त्याने ते सांगावं. ज्याला हवं, त्याने फुकट ऐकावं. सुतारीण भाकरी बांधून निघाली आणि सगळ्यांत मोठ्या मांडवात जाऊन बसली. तिथला पंडित पाणी चढवणाऱ्या चाकावर असा रसाळ बोलला, की ती तहानभूक विसरली. घरी येऊन तिने हौसेने चाक केलं. ते जागचं हललं नाही.

खाटेवरून सासूने विचारलं, "कोणाचं ऐकलंस गं?"

"सगळे ऐकत होते त्यांचं."

"अगं, पण सगळ्यांना कुठे चाक करायचं होतं?"

सुतारीण पुन्हा जत्रेला गेली. आता ती चाकावर बोलणाऱ्या प्रत्येक मांडवात एकच विचारी, "तुमचं चाक कधी मोडलं का?"

पंडित हसला. "आमचं चाक मोडत नसतं." दुसरा रागावला. तिसऱ्याने श्लोक म्हटला. हिंडून हिंडून ती अगदी टोकाच्या मांडवात पोचली. तिथे एक म्हातारी सातआठ जणांपुढे लाकूड तासत बोलत होती.

"सात वेळा मोडलं," म्हातारी म्हणाली. "बस, एकेक सांगते. पहिल्यांदा मी हावरटासारखी चाकाला खूप मडकी बांधली. नदीला एवढं ओझं ओढवेना. मग मडकी निम्मी केली, प्रवाहाचा धक्का घेणाऱ्या फळ्या रुंद केल्या."

सुतारीण पाच दिवस तिथून हलली नाही.

गावी नवं चाक बसलं. ते कुरकुरलं, डुललं आणि फिरू लागलं. दरडीवरच्या दगडी कुंडात पाणी धो धो पडलं. बायका हसत हसत चिंब भिजल्या. सासूला तर चौघींनी खाटेसकट उचलून आणलं.

पुढच्या वर्षी सुतारणीने दहा गावांची माणसं त्या टोकाच्या मांडवात नेली. म्हातारीला पहिल्यांदाच मोठ्या आवाजात बोलावं लागलं.

तात्पर्य: गर्दी पाहून गुरू करू नये, जो आपल्या चुका उघड सांगतो, त्याच्यापाशी शिकावं.