खिंडीची शीळ आणि चांदीची तार

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की घाटात अजून गाडीरस्ता झाला नव्हता आणि मिठाची गोण असो की गुळाची ढेप, सगळं बैलाच्या पाठीवरून डोंगर चढायचं आणि उतरायचं.

त्या घाटात एक खिंड होती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मधली वाट एवढी अरुंद की समोरासमोर आलेल्या दोन बैलांना एकमेकांना ओलांडता येत नसे. म्हणून खिंडीच्या माथ्यावर राजाने एक शीळकरी नेमला होता. त्याने एक लांब शीळ घातली की वरचा तांडा उतरायचा, दोन आखूड शिळा घातल्या की खालचा चढायचा. लागोपाठ तीन शिळा आल्या की मात्र जो जिथे असेल त्याने तिथेच थांबायचं. ही शीळ साधी नव्हे. जीभ पुढच्या दातांमागे टेकवून ती घालायची, आणि ती दोन कोसांवर ऐकू जायची.

हे काम साळूच्या घराण्याकडे सात पिढ्या होतं. साळूचे आबा आता म्हातारे झाले होते. त्यांचे पुढचे दोन दात पडले होते आणि उरलेले हलत होते. शीळ निघायची, पण अर्धी वाऱ्यावरच विरून जायची. राजाच्या किल्लेदाराने सांगून ठेवलं होतं, की दोन वर्षांनी माथ्यावरच्या देवीच्या चैत्राच्या जत्रेला तो स्वतः शीळ ऐकायला येईल. घरातल्या कुणाची शीळ खणखणीत निघाली तर ठीक, नाहीतर तो खिंडीवर दुसरं माणूस नेमेल.

आबांना साळू ही एकच लेक. हुशार, धीट, एक बैल पाहून सगळा तांडा ओळखणारी. पण तिचे दात पाहावेत तर एकावर एक चढलेले, एक आत, एक बाहेर, एक तर चक्क आडवा. शीळ घालायला गेली की नुसतं फुस्स व्हायचं. तांड्यातली पोरं म्हणायची, साळूच्या तोंडातली खिंडच बंद आहे. साळू त्यांच्याबरोबर हसायची, पण तोंडावर हात ठेवून.

घाटाखालच्या पेठेत माणकशेट नावाचे एक वृद्ध सोनार होते. देवीला चांदीचा मुखवटा चढवायला ते माथ्यावर आले, तेव्हा त्यांनी साळूला हसताना पाहिलं आणि तिचा हात बाजूला करून तोंडात डोकावून पाहिलं. मग म्हणाले, हे दात सरळ होतील. आबांना वाटलं, म्हाताऱ्याला चढ बाधला. दात काय लोखंडाचे आहेत ठोकून सरळ करायला?

माणकशेट म्हणाले, "खिंडीत दोन तांडे अडकले तर तुम्ही बैलांना ढकलता का? एकेकाला चुचकारून मागे घेता. दातांनाही तसंच चुचकारायचं असतं."

त्यांनी प्रत्येक दातासाठी चांदीचं नाजूक कडं घडवलं आणि सगळ्या कड्यांमधून एक बारीक तार ओवली. दर पौर्णिमेला साळूने पेठेत उतरायचं आणि त्यांनी तारेला थोडासाच पीळ द्यायचा. जास्त पीळ दिला तर दात मुळातून दुखावतो. घरी काय करायचं तेही त्यांनी बजावलं. प्रत्येक जेवणानंतर चूळ भरायची. निंबाच्या काडीचा मऊ कुंचा करून दात, हिरडी आणि तारेची मागची बाजू घासायची. फटीत दोरा फिरवायचा. ऊस सोलायचा नाही, चिंचोके फोडायचे नाहीत, गूळ चावायचा नाही.

पहिले चार दिवस साळू पेजेवर होती. भाकरीकडे पाहूनसुद्धा दात ठणकायचे. पण दुखणं ओसरलं आणि तिसऱ्या पौर्णिमेला आडवा दात किंचित वळलेला दिसला. त्या दिवशी आबांनी तो तीनदा निरखून पाहिला.

आता गंमत ऐका. त्या माथ्यावर चांदी म्हणजे अपूर्वाई. कुणाच्या घरी नवा दागिना आला की पाच घरच्या बायका तो बघायला येत आणि ज्याचा दागिना त्याने तो लखलखीत ठेवून मिरवायचा, अशी तिथली रीत होती. तेव्हा साळूची तार बघायलाही बायका आल्या. तोंडातला दागिना त्यांनी आजवर पाहिला नव्हता. कुणी कौतुक केलं, कुणी बोट लावून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच लोक साळूला म्हणत होते, हस की गं जरा. मग साळू का नाही हसणार?

ती तार उजळू लागली. रिठ्याच्या पाण्याने, मऊ फडक्याने, सकाळी अर्धा अर्धा तास. तार अशी चमकायची की उन्हात पाहणाऱ्याचे डोळे दिपायचे. पण चांदी जिथे संपायची तिथे साळूचा हातही थांबायचा. हिरडीजवळ, तारेमागे, दाढांच्या बाजूला कोण बघायला येणार होतं?

त्यात गूळ. घाट चढून आलेला प्रत्येक तांडा शीळकऱ्याच्या घरी गुळाचा खडा ठेवून पुढे जात असे. माणकशेटांनी चावू नको म्हटलं होतं, चघळू नको असं कुठे म्हटलं होतं? साळू खडा गालात ठेवायची आणि दिवसभर चघळत बसायची. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याच्याइतका हुशार वकील शोधून सापडत नाही.

दीड वर्ष असं गेलं. दात बरेचसे रांगेत आले होते. माणकशेट म्हणाले होते, आता शेवटचे तीन पीळ राहिले. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला साळू ऐटीत पेठेत उतरली. माणकशेटांनी तिचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि कापसाचा बोळा हिरडीवरून फिरवला. बोळा लाल झाला. हिरड्या सुजल्या होत्या आणि दोन दातांवर कड्याच्या कडेने खडूसारखे पांढरे डाग उमटले होते. कीड लागायच्या आधीचे डाग.

माणकशेटांनी तो बोळा बाजूला ठेवला. मग त्यांनी अवजारं पेटीत ठेवली.

"पोरी, तार फार छान ठेवलीस," ते म्हणाले. "पण तार माझी आहे. काम झालं की मी ती काढून नेणार. दात तुझे आहेत. त्यांच्याकडे कुणी बघायचं?"

त्या पौर्णिमेला त्यांनी पीळ दिला नाही. सुजलेल्या हिरडीतला दात हलवणं म्हणजे ओल्या मातीतला खांब हलवणं, तो मुळातूनच सैल होतो. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की पुढच्या पौर्णिमेला हिरड्या बऱ्या झाल्या असतील तरच काम पुढे जाईल, नाहीतर तार काढून घ्यावी लागेल. चैत्राच्या जत्रेआधी तीनच पौर्णिमा उरल्या होत्या आणि पीळही तीनच हवे होते. एकही चुकवून चालणार नव्हतं.

साळू घाट चढून घरी आली आणि उंबऱ्यावर बसून रडली. सात पिढ्यांचं काम आपण गुळाच्या खड्यापायी घालवलं, असं तिला वाटलं आणि ते अगदी खोटंही नव्हतं. आबा तिच्याशेजारी बसले. रागावले नाहीत. स्वतःचं बोळकं तोंड उघडून त्यांनी तिला दाखवलं.

"मी बी शीळच सांभाळली गं," ते म्हणाले. "लोकं शिळेची वाहवा करायची. ती ज्याच्या जिवावर निघते त्या दाताला मी चाळीस वर्षांत काडी लावली नाही. मला सांगणारं कुनी नव्हतं. तुला हाय."

दुसऱ्या दिवसापासून साळूने फडकं खुंटीला टांगलं. तार काळपट पडली तर पडू दे. ती जेवण झालं की चूळ भरायची, काडीने हिरडीकडून दाताकडे हळूहळू घासायची, दाढांच्या मागे बोट घालून पाहायची, दोरा फिरवायची. पहिले आठ दिवस रक्त यायचं. तरी तिने सोडलं नाही. गुळाचे खडे शेजारच्या शेळीला मिळू लागले आणि शेळी साळूवर फार खूश झाली. कुणी बाई म्हणाली, अगं, तुझी तार आता पूर्वीसारखी चमकत नाही, तर साळू म्हणाली, ती माणकशेटांची आहे.

पौषातल्या पौर्णिमेला बोळा पांढराच राहिला. माणकशेटांनी तो साळूला दाखवला, मग स्वतः पुन्हा पाहिला, आणि पीळ दिला. तो दुखला तेव्हा साळूला इतकं बरं वाटलं की तिने तिथेच डोळे पुसले. माघ गेला, फाल्गुन गेला. जत्रेच्या दोन दिवस आधी तार निघाली. पांढरे डाग पुसट होऊन राहिले होते, पण दात घट्ट होते आणि रांगेत उभे होते. माणकशेटांनी झोपताना लावायला एक हलकी तार वेगळी दिली. मागे घेतलेल्या बैलाची लगेच पाठ सोडली तर तो पुन्हा वाटेत घुसतो, असं ते म्हणाले.

दोन दिवस साळूची शीळ चाचपडत निघाली. अंगण एकदम मोठं झालं की पोर जसं गोंधळतं तशी तिची जीभ गोंधळली होती.

जत्रेच्या सकाळी किल्लेदार यायचा होता. तो यायच्या आधीच देवीचं दर्शन घेऊन परतणारी माणसं वरून उतरू लागली, पुढे पोरंबाळं. आबांनी खालच्यांना थांबवायला शीळ घातली, ती विरली. जत्रा गाठायच्या घाईत एक गुळाचा तांडा खालून खिंडीत शिरला. माथ्यावरून साळूला दोन्ही रांगा दिसत होत्या, त्यांना मात्र एकमेकांची चाहूलही नव्हती. मधे फक्त एक वळण होतं.

साळूने जीभ दातांमागे टेकवली. तीन शिळा. कड्यावरची कबुतरं उडाली, आवाज दरीत उतरला आणि पलीकडच्या डोंगरावर आपटून परत आला. तांड्याच्या नाईकाने पुढच्या बैलाची वेसण ओढली. वरची माणसं होती तिथेच कड्याला टेकून उभी राहिली. मग तांडा एकेक बैल करत मागे सरकला आणि वाट मोकळी झाली. पोरं नाचत खाली गेली. आपण कशातून वाचलो हे त्यांना कळलंही नाही.

 किल्लेदार अजून अर्ध्या घाटात होता. त्याने तिथूनच शीळ ऐकली होती, त्यामुळे वर आल्यावर त्याला काही ऐकायचं उरलं नव्हतं. साळू मात्र हसत होती, दोन्ही हात कमरेवर ठेवून.

तेव्हापासून त्या घाटात नवी रीत पडली. घाट चढून आलेला तांडा शीळकरणीच्या दारात गुळाचा खडा ठेवत नाही, निंबाच्या कोवळ्या काड्यांची जुडी ठेवतो. शेळी तेवढी नाराज आहे.

बोध एवढाच: दात सरळ करते ती तार, पण दात राखतो तो आपला रोजचा हात.