गडावर गेलेली भाकरी

“खाल्लेली भाकरी गेली कुठे?” राजा दुर्जयराव कडाडला.

समोर धान्याच्या मोठ्या तराजूत भिवा भोई अंग चोरून बसला होता. रोज राजाची पालखी गडावर न्यायची आणि राजाच्या मुदपाकखान्यात पोटभर जेवायचे, अशी त्याची चाकरी. खाण्यात बकासुर, अंगाने मात्र काडीपैलवान! राजाला संशय आला. त्याने भिवाला सकाळी तोलले, दिवसभर नेहमीसारखी पालखी वाहू दिली, पोटभर जेवू घातले आणि संध्याकाळी पुन्हा तोलले. वजन वाढायचे सोडून गडी उलटा हलका भरला!

शिपायांनी झडती घेतली. धोतर झटकले, पागोटे उलगडले. भाकरीचा कणही निघाला नाही.

“उद्या दिवस मावळायच्या आत माझी भाकरी दाखव. नाहीतर चोर म्हणून तुरुंगात जा!”

दुसऱ्या दिवशी उजाडताच भिवाची बायको येसू दरबारात हजर.

“महाराज, चुलीत सरपण घातलं, भात शिजला. मग सरपण कुठं गेलं म्हणून कुणी चुलीची झडती घेतंय व्हय?”

“तोंडची वाफ दवडू नकोस! भाकरी दाखव!”

“दावते की! गडाच्या माथ्यावर हाय. पर पालखीत बसून दिसायची न्हाई, चालत यावं लागंल. अन् निघायच्या आधी तुमी बी तराजूत बसा. वाटंत कुणी काय लपवलं तर कळाया नको?”

राजा पडला हट्टी. तराजूत बसला, तोलून घेतले आणि जन्मात पहिल्यांदा पायी गड चढू लागला. पहिल्या वळणावर अंगरखा भिजला. दुसऱ्या वळणावर मिशा लोंबल्या.

“हा घाम थांबत का नाही गं?”

“वाहू द्या, महाराज! माठ पाझरतो म्हणून पाणी गार ऱ्हातं. घाम आटला तर तुमी जाग्यावर उकडाल!”

माथ्यावर पोचताच राजाने बसकण मारली.

“कुठे आहे ती भाकरी? नाही, राहू दे! आधी खायला दे!”

येसूने शिदोरी सोडली. राजाने भाकऱ्यांची चवड ठेच्याशी फस्त केली, कांदाही सोडला नाही. मग धापा टाकत गड उतरून तो पुन्हा तराजूत बसला. समोरच्या पारड्यात सकाळी तोलताना ठेवलेलीच धान्याची पोती होती. राजाचे पारडे सरकन वर गेले!

येसूने पदर खोचला.

“शिपाईदादा, इकडं या! महाराजांचा अंगरखा झटका. एवढ्या भाकऱ्या कुठं लपवल्यात, बघा तरी!”

राजाने अंगरख्याचे टोक पिळले. घामाची धार लागली, आणि तो असा हसत सुटला की तराजू गदागदा हलू लागला.

“सापडला चोर! भाकरी गड चढण्यात जळते आणि वजन घामावाटे जाते! भिवा निर्दोष! आजपासून त्याला दुप्पट भाकरी, वर तुपाची वाटी!”

“तूप आमाला द्या, महाराज,” येसू म्हणाली, “अन् अधनंमधनं गड तुमी चढा. पालखी तरी हलकी व्हईल!”

राजा पुन्हा खो खो हसला आणि बोटातली अंगठी काढून त्याने येसूच्या ओंजळीत टाकली.