वैराग्नीचे सरपण

पूर्वी मेघवती नगरात उग्रबल राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या काष्ठागाराचे अमात्य होते. राज्यातले प्रत्येक झाड त्यांच्या हुकमाने तुटे.

राजाचा धाकटा भाऊ सीमेवरच्या चकमकीत शेजारच्या वज्रकेतू राजाच्या सैनिकांकडून मारला गेला होता. त्याच दिवशी उग्रबलाने राजद्वारापुढे अग्नी पेटवला आणि वज्रकेतू संपेपर्यंत तो विझू देणार नाही, अशी शपथ घेतली. रोज सकाळी राजा स्वहस्ते पहिले लाकूड टाकी आणि शत्रूचे नाव मोठ्याने उच्चारी. पुढे दिवसभर सेवक लाकडे घालीत. असे अकरा वर्षे चालले. वज्रकेतू एव्हाना म्हातारा झाला होता आणि सुखाने जेवत-झोपत होता. आग होई ती उग्रबलाच्या अंगाची. वैद्य त्याला चंदनाचा लेप लावीत आणि लेप वाळायच्या आत राजा पुन्हा अग्नीपाशी जाऊन बसे. वैद्यांना यात काही वावगे दिसत नसे.

शेवटी राज्यातले अरण्य संपले. उरली ती मृत भावाने आपल्या हाताने लावलेली आमराई. राजाने ती तोडायला सांगितले.

“मी तोडणार नाही,” बोधिसत्त्व म्हणाले.

पुरोहित धूम्राक्षाने घसा साफ केला. “महाराज, माझं ऐकाल तर अग्नीला एकदाच पोटभर द्यावं. सगळी आमराई आणि वर शंभर घडे तूप. तो तृप्त झाला की आपोआप निवेल आणि महाराजांनाही निर्वाण लाभेल.”

“अकरा वर्षं जेवतोय तो, पुरोहितमहाराज,” बोधिसत्त्व म्हणाले. “एकदा तरी ढेकर दिली?”

मागच्या रांगेत कोणीतरी हसले आणि लगेच खोकले.

राजा हसला नाही. “उद्या सकाळी लाकूड आलं नाही, तर त्याच्या जागी तुम्ही जाल, अमात्य.”

दुसऱ्या दिवशी बोधिसत्त्व रिकाम्या हातांनी आले आणि अग्नीसमोर उभे राहिले.

“महाराज, आमराई जागेवर आहे आणि मी इथे आहे. पण मी फार तर घटकाभर पुरेन. दुपारी काय घालणार?”

राजाचा हात तलवारीकडे गेला आणि तिथेच थांबला. मग तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “हा विझला तर मी काय करू? माझ्यापाशी दुसरं काही उरलेलं नाही.”

“ते विझल्यावर पाहू. आधी सात दिवस काही घालायचं नाही. मी इथून हलणार नाही. तुम्हाला नाहीच राहवलं, तर मला टाका.”

दोघे बसले. ज्वाळा खाली आल्या, निखारे धुमसत राहिले. धूम्राक्ष दोनदा तूप घेऊन आला आणि बोधिसत्त्वांनी त्याला दोनदा परत पाठवले. तिसऱ्या दिवशी राजा ताडकन उठला आणि त्याने आपल्या छत्राचा दांडा उपटला.

“भावाला विसरलो म्हणतील लोक!”

बोधिसत्त्वांनी त्याचा हात धरला नाही. “टाका. फक्त शत्रूचं नाव घेऊ नका.”

राजाने दांडा उगारला. ओठांवर आलेले नाव त्याने दातांखाली दाबले. नाव नाही म्हटल्यावर हातात नुसता एक दांडा राहिला, आणि तो कशासाठी जाळायचा हे त्याला समजेना. मग दांडा खाली ठेवून तो बसला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा भावासाठी रडला.

सातव्या दिवशी त्याने राखेत हात घातला. राख गार होती.

“पण अग्नी गेला कुठे?” धूम्राक्षाने विचारले. “वर की खाली?”

“कुठेही नाही,” राजा म्हणाला. “आम्ही घालायचं थांबलो.”

निर्वाण कोणत्या दिशेला आहे, असे वारंवार विचारणाऱ्या एका भिक्षूला शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली आणि ते म्हणाले, “भिक्षू, लोभ, द्वेष आणि मोह हे ते सरपण. रोज आपणच ते आणतो, आपणच घालतो आणि पोळल्याची तक्रारही आपणच करतो. शील, समाधी आणि प्रज्ञा यांच्या बळावर हात आवरला की आग विझते. ते विझणे हेच निर्वाण. तेव्हाचा उग्रबल तू होतास. तूप आणणारा पुरोहित म्हणजे आता तुझ्या शेजारी बसून मान डोलावणारा हा भिक्षू. काष्ठागाराचा अमात्य मीच होतो. मरण समोर असतानाही धरलेला निश्चय मी तेव्हा सोडला नाही. हीच अधिष्ठान पारमिता, निश्चयाची परिपूर्णता.”