धूळपाटीवरची ओवी

श्रीतुळोबा महाराज त्या वर्षी चातुर्मासासाठी कासारखेड्याच्या मठात उतरले होते. मठाच्या ओसरीवर राघोपंत पंतोजींची शाळा भरे. फळीवर विटेची बारीक धूळ पसरायची, काडीने अक्षर गिरवायचे आणि गिरवताना पोरांनी ते अक्षर गळा फुटेस्तोवर ओरडायचे, ही त्यांची रीत. पोर ओरडले नाही की छडी बसलीच म्हणून समजा! पंतोजी माणूस वाईट नव्हते. पण आपल्याला येते तेवढेच ज्ञान, अशी त्यांची पक्की समजूत होती.

एके सकाळी भागू कुंभारीण सात वर्षांच्या येसूला घेऊन आली. येसू जन्मापासून मुका.

"पंतोजी, लेकराला धूळपाटीवर बसू द्या. ऐकू येतंय त्याला समदं. अक्षर आलं तर मनातलं कुणाला तरी सांगंल."

"अगं, ज्याला घोकता येत नाही तो लिहिणार काय, कपाळ?" पंतोजी हसले. "चिखल तुडवायला जीभ लागत नाही. तेच शिकव त्याला!"

पोरे खदखदली. भागू रडत महाराजांपुढे जाऊन बसली.

महाराज म्हणाले, "माय, घरी चाळलेली माती आहे ना? शाळा भरली की याला ओसरीखाली उभा कर. पाहील ते घरी मातीत काढू दे. नाम सोडू नकोस."

भागूने तसेच केले. दसऱ्यापर्यंत येसूची निम्मी अक्षरे झाली. पाटीपूजनाला सारा गाव जमला, तेव्हा तिने पुन्हा पदर पसरला. पंतोजी चिडले.

"मठाच्या पोथीतली एक ओवी सांगतो. लिहिली तर बसव. नाही तर पुन्हा या ओसरीला पाय लावायचा नाही!"

निम्म्या अक्षरांत ओवी व्हायची कशी? पंतोजींनी खणखणीत आवाजात ओवी म्हटली. येसूने काडी धुळीवर टेकवली. त्याने महाराजांकडे पाहिले.

"लिही, बाळा," एवढेच महाराज म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

काय सांगावे! काडी सरसर चालली. पंतोजी वाकले आणि ओरडले, "चूक! मी सांगितली ती ही नव्हेच! ऐका, काय खरडलंय ते."

*नाही वाचा जयाचे मुखीं । तयाचे हृदयीं देव लेखी ।*
*तेथ जो दुजेपण देखी । तो निरक्षर जाणावा ॥*

शेवटचा शब्द त्यांनी पुन्हा वाचून पाहिला. पोथीतले त्या ओवीचे पान वाळवीने खाल्ले होते. बारा वर्षे पंतोजी तिथे स्वतः रचलेली ओवी दडपून म्हणत होते, आणि हे त्यांच्यावाचून कोणालाच ठाऊक नव्हते. ते धावत आत गेले, पोथी उघडून पाहू लागले. पानाच्या कडेला तीनच शब्द शाबूत होते: 'मुखीं', 'देखी', 'जाणावा'. येसूच्या ओवीत तिन्ही जागच्या जागी बसले!

पंतोजींनी सर्वांसमक्ष आपली लबाडी सांगितली आणि महाराजांच्या पायांवर लोळण घेतली.

महाराज म्हणाले, "पंत, मला स्वतःला ना लिहिता येतं ना वाचता. ज्यानं लिहिलं त्याच्यापुढे वाका."

पंतोजींनी पागोटे उतरवले, येसूच्या धुळीने माखलेल्या पायांवर डोके ठेवले. मग दौत-टाक घेऊन ते त्याच्यासमोर मांडी घालून बसले.

"बाळा, पुन्हा एकदा सावकाश लिही," ते म्हणाले. "मला उतरून घ्यायचीय."